आलाप फास्ट, ताल वाढवला आणि घरभर हशा

पत्र बरंच मोठं होतं, कापून कामापुरतं देते:

"ताई, मी मूळची मिरजेची, लग्न होऊन ग्वाल्हेरला आले त्याला दीड वर्ष झालं. सासरी सगळे गाण्यातले. सासूबाई घरी शिकवतात, नणंद म्युझिकमधे एम.ए., दीर तबला वाजवतो. मला येत काही नाही पण ऐकायला खूप आवडतं. मागच्या महिन्यात घरी बैठक झाली, बाहेरचे दहा-पंधरा जण होते. सासूबाईंचं गाणं संपल्यावर मी मनापासून म्हटलं, 'आई, शेवटचे आलाप काय फास्ट घेतलेत हो, आणि ताल किती वाढवलात!' सगळे हसले. नणंद म्हणाली, 'मिरजेची ना गं तू?' तेव्हापासून मी बैठकीत तोंडच उघडत नाही, चहा देते आणि आत जाते. राग, थाट, ताल, लय, ठेका, सूर, पट्टी सगळ्याची डोक्यात खिचडी झालीय. यूट्यूबवर बघितलं तर अजूनच कन्फ्यूज झाले. आणि हो, मी तानपुरा म्हणते त्यावरूनही टोकतात, म्हणे मराठी माणसाने तंबोरा म्हणावं. काय करू? – लश्करातली एक सून"

अगं मिरजकर, अगं-तुगं करतेय कारण पत्रावरून तू माझ्या पुतणीच्या वयाची वाटलीस. आणि हसले त्याचं फार मनाला लावून घेऊ नकोस, इथे गाण्याच्या घरांमधे ज्याच्यावर कधीच कोणी हसलं नाही असा माणूस मला दाखव. मी एकोणीस-वीस वर्षांची असताना चितनीस की गोठ या आपल्या गल्लीत एका घरी सकाळची बैठक होती, एक वयस्कर बाई गायल्या. मला नुकताच भूप ओळखायला यायला लागला होता, आणि एकच राग ओळखता येतो तेव्हा सगळीकडे तोच दिसतो, तर मी गाणं संपल्या संपल्या पुढे गेले, पाया पडले आणि चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, भूप फार सुंदर झाला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, सकाळचे सव्वानऊ, आणि म्हणाल्या, "बेटा, आत्ता कुठला भूप?" देशकार होता तो. पुढची दोन वर्षं त्या घरात माझं नाव 'भूपाली' पडलं होतं. त्या देशकाराकडे येतेच जरा वेळाने, आधी तुझं वाक्य बघू.

तुझ्या वाक्यात दोन शब्द चुकलेत, पण कान एकदाही चुकला नाही. शेवटी काहीतरी भराभर झालं हे तू ऐकलंस, ते खरं. आधीपेक्षा वेग वाढला हेही ऐकलंस, तेही खरं. फक्त पहिल्याला तान म्हणायचं होतं आणि दुसऱ्याला लय. उलटं झालं असतं, म्हणजे शब्द सगळे पाठ आणि ऐकू काहीच येत नाही, तर मी काळजी केली असती, तसे लोक पण भरपूर आहेत, पहिल्या रांगेत बसतात.

लय आणि तालाचं आधी निस्तरू, कारण नव्वद टक्के घोळ तिथेच असतो. स्वयंपाकघरातल्या घड्याळाखाली उभी राहा. टिक टिक टिक, दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं, ही लय. अंतर जास्त असलं की विलंबित, कमी असलं की द्रुत, मधलं ते मध्य. एवढंच, यात अजून ताल आलेलाच नाही. आता प्रत्येक टिकेला एक मात्रा म्हण आणि सोळापर्यंत मोजून सतराव्या टिकेला पुन्हा एकवर ये, परत सोळा, परत एक. ही जी चक्कर झाली ना तो ताल, सोळाची एक चक्कर त्रिताल, दहाची झपताल, सातची रूपक. जिथे चक्कर सुरू होते ती पहिली मात्रा म्हणजे सम. तेव्हा ताल 'वाढत' नाही गं, सोळाचे काही अठरा होत नाहीत, वाढते ती लय.

पण थांब, एक गंमत सांगते, ती नणंदेला मुद्दाम सांग. ग्वाल्हेरच्या गायकीत बडा ख्याल, म्हणजे सुरुवातीचं संथ गाणं, बऱ्याचदा तिलवाडा नावाच्या तालात असतो आणि त्यानंतरचा छोटा ख्याल, म्हणजे जलद गाणं, त्रितालात. तुझ्या सासूबाईंनी तसंच गायलं असेल तर लय वाढली आणि सोबत ताल बदललासुद्धा, म्हणजे तू अगदीच काही चुकली नव्हतीस, 'वाढवला'च्या जागी 'बदलला' म्हणाली असतीस तर सगळे गप्प बसले असते!

आणि आता ठेका. तिलवाडा पण सोळा मात्रांचा, त्रिताल पण सोळा मात्रांचा, दोन्हीत टाळी पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेवर आणि 'खाली', म्हणजे टाळी न देता हात नुसता हलवायची जागा, नवव्यावर. मग दोन वेगळे ताल कशाला? दिराला म्हण आधी त्रिताल वाजव: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. मग म्हण तिलवाडा वाजव: धा तिरकिट धिं धिं, धा धा तिं तिं, ता तिरकिट धिं धिं, धा धा धिं धिं. मोजमाप तेच, चाल वेगळी, एक सरळ चालतो आणि दुसरा झुलत झुलत. तबल्यावरचे हे जे ठरलेले बोल आहेत तो ठेका. पुस्तकातली व्याख्या वाचून हे कधी कळत नाही, दिराने एकदा मांडीवर जरी वाजवून दाखवलं तरी कळतं.

पुढच्या बैठकीत चहा देऊन आत जाऊ नकोस, सासूबाई गात असतील तर त्यांचा अंगठा बघ. विलंबितात गाणारे बरेच जण अंगठा बोटांवरून फिरवतात, एका बोटाची तीन पेरं आणि टोक धरून चार, चार बोटांचे सोळा. तिलवाड्याची अशी एक चक्कर व्हायला अर्धा-पाऊण मिनिट सहज जातं आणि एवढ्या वेळात त्या कुठेकुठे फिरून येतात, पण अंगठा शेवटच्या बोटाच्या टोकाला आला की गाणं बरोबर मुखड्यावर, म्हणजे पहिल्या ओळीच्या सुरुवातीच्या तुकड्यावर, येतं आणि पुढच्याच क्षणाला सगळ्यांच्या माना एकदम हलतात. ती सम. तुझी मान आपोआप हलली की समज झालं, परीक्षा पास.

आता आलाप आणि तान. दोन्ही बहुतेक वेळा आकारात, म्हणजे नुसत्या 'आ' वर असतात, शब्द नसतात, म्हणून नवीन माणसाला दोन्ही एकच वाटणारच. आलापात गाणारा एकेका सुरावर थांबतो, त्याच्या आजूबाजूला फिरतो, तुला तो सूर नीट दाखवतो. तानेत थांबायचं नाव नाही, एका मात्रेत चार-चार आठ-आठ सूर भरून माळ ओवल्यासारखं निघून जायचं. आमच्या ग्वाल्हेरची सपाट तान तर प्रसिद्धच, खालून सरळ वर आणि वरून सरळ खाली, जिन्यावरून मुलं धावतात तशी. शब्द घेऊन तान केली की बोलतान. पण या दोघांच्या मधे एक गोष्ट आहे, बहलावा. तो ग्वाल्हेरची खास चीज समजतात, आलापासारखा मींडेने, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत, ओढलेला पण लयीला धरून खाली-वर हेलकावे घेणारा, आलाप म्हणावा तर जरा जलद, तान म्हणावी तर फारच निवांत. मला तरी ग्वाल्हेरच्या गाण्यात सगळ्यात आवडतो तो हाच भाग, तानांना टाळ्या पडतात आणि बहलाव्याला जाणकार नुसते डोळे मिटतात. मींड, गमक, खटका, मुरकी वगैरे दागिने आत्ता सोडून दे, वर्षभराने बघू.

राग आणि थाट. इथे मात्र तुझ्या यूट्यूबवाल्यांनी वाट लावलेली असते, कारण ते सुरुवातच 'अमुक थाटातून तमुक राग निघाला' अशी करतात. थाटातून राग निघत नाही गं, राग आधीचे, थाट नंतरचे. सतारीवर पडदे असतात ना, सरकवून ते हव्या त्या सुरांवर आणायचे, त्या मांडणीला वादक ठाठ म्हणायचे, अजूनही म्हणतात. भातखंडे, मुंबईचे वकील, त्यांनी देशभर फिरून उस्तादांकडून शेकडो चिजा, म्हणजे जुन्या रचना, जमवल्या आणि या सगळ्या रागांना ठेवायला कपाट पाहिजे म्हणून दहा खण केले: कल्याण, बिलावल, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. हेच भातखंडे आपल्या गावात येऊन माधवराव शिंद्यांच्या पाठिंब्याने १९१८ साली माधव संगीत विद्यालय सुरू करून गेले, म्हणून इथल्या पोरांना थाट तोंडपाठ असतात. पण थाट कोणी गात नाही. थाट म्हणजे ओळीने सात सूर, बस. राग म्हणजे त्या सुरांचं वागणं, कुठून चढायचं, कुठून उतरायचं, कुठे बसायचं, कोणाला नुसतं लांबून नमस्कार करून पुढे जायचं. आणि गोंधळ वाढवायला थाटांची नावं पण रागांवरूनच ठेवलेली, भैरव राग पण आणि थाट पण, तर माणूस काय समजणार!

हां, तर माझा देशकार. भूप आणि देशकार दोघांचे सूर तेच पाच, सा रे ग प ध, एक सूर इकडचा तिकडे नाही. पण भूप ग वर जीव लावून असतो, सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात रमतो आणि संध्याकाळ उलटली की गातात. देशकार ध वर उभा राहतो, वरच्या अर्ध्यात खेळतो, सकाळचा राग. एकाच घरातली एकाच कापडाचे कपडे घातलेली दोन भावंडं, पाठमोरी बघितली तर फसणारच आणि मी फसले. आणि कपाट बघ कसं, भूपाला ठेवलाय कल्याण थाटात आणि देशकाराला बिलावलमधे. कल्याण आणि बिलावलमधे फरक काय तर फक्त म चा, एकात तीव्र दुसऱ्यात शुद्ध (तीव्र-कोमल काय ते पुढे सांगते), आणि या दोन्ही रागांत म मुळात नाहीच! मग ठरवलं कशावरून? वागण्यावरून, चलनावरून. एम.ए. नणंदेला हे विचार, चिडवायला म्हणून नाही, खरंच विचार. अर्धा तास बोलेल आणि तुमची मैत्री होईल असं माझं मत आहे.

जाता जाता, भैरव आणि भैरवी हे नवरा-बायको धरून सारखे समजू नकोस. भैरवात रे आणि ध कोमल, भैरवीत रे ग ध नी चारही कोमल, ऐकायला जमीन-अस्मानाचा फरक. चाल हा वेगळाच शब्द, भजनाला चाल लावतात ती कुठल्या रागात असेल किंवा कुठल्याच धड नसेल.

सूर आणि पट्टीचा घोळ तर आपल्या मराठीनेच केलाय. घरात कोणी ओरडलं की आपण काय म्हणतो, "वरच्या पट्टीत बोलू नकोस", "सूर चढवू नकोस". म्हणजे मोठा आवाज आणि उंच सूर आपल्या बोलण्यात एकच झाले. पेटी उघड (नसेल येत तरी उघड, कोणी खात नाही). एक पट्टी दाबून ठेव आणि भाता जोरात मार, आवाज मोठा झाला, सूर तोच. आता भाता तसाच हळू ठेव आणि बोट उजवीकडच्या पट्ट्यांवर नेत जा, आवाज तेवढाच, सूर उंच होत गेला. यानंतर 'कोमल म्हणजे हळू गायचा आणि तीव्र म्हणजे जोरात' असं तू कधी म्हणणार नाहीस, मी मोठमोठ्या माणसांना असं म्हणताना ऐकलंय. कोमल म्हणजे शुद्ध जागेपेक्षा जरा खाली, तीव्र म्हणजे जरा वर, आणि तीव्र फक्त म च होतो. सा आणि प जागचे हलत नाहीत.

आणि पट्टी, म्हणजे तुझा सा तू पेटीच्या कुठल्या पट्टीवर ठेवला. व्हिडिओमधे दाखवतात पांढरी एक म्हणजे सा, ते शिकवायच्या सोयीसाठी. सा हा काही पेटीवर छापलेला नसतो, गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे तो बसतो. सासूबाई काळी चारमधे गात असतील तर काळी चार हाच त्यांचा सा, आणि तीच चीज सासरे काळी एकमधे म्हणतील, राग तोच, बंदिश तीच, सा वेगळ्या ठिकाणी. कोणी "पट्टी सांगा" म्हटलं की राग सांगू नकोस, मी सांगितला होता एकदा, ते आता जाऊ दे.

ख्याल, बंदिश, चीज पटकन उरकते. ख्याल हा गाण्याचा प्रकार, जसं ध्रुपद, टप्पा, ठुमरी. बंदिश म्हणजे त्यात बांधलेली रचना, दोन-चार ओळी, अस्ताई आणि अंतरा, आणि चीज म्हणजे बंदिशच, फक्त जुन्या घरांतला शब्द. बंदिश दोन मिनिटांत म्हणून होते, ख्याल अर्धा तास चालतो, कारण त्या दोन ओळींभोवती बाकीचं सगळं रचायचं असतं.

काही शब्द मात्र खरोखरच दोन-दोन नोकऱ्या करतात, तिथे तू चुकलीस तर दोष तुझा नाही. दादरा हा सहा मात्रांचा ताल पण आहे आणि ठुमरीसारखा गाण्याचा प्रकार पण. धमार चौदा मात्रांचा ताल, आणि त्यात होरीचं जे गातात तेही धमारच. तबला म्हणजे जोडी, पण जोडीतला उजवा एकटा पण तबला, डावा तो डग्गा. त्यात आपण ग्वाल्हेरचे लोक घरात मराठी आणि गाणं अर्धं हिंदीत, त्यामुळे त्रिताल आणि तीनताल एकच, केरवा आणि कहरवा एकच, अस्ताई आणि स्थायी एकच, पेटी-हार्मोनियम-संवादिनी एकच. मला वाटतं तुझ्या खिचडीतला निम्मा तांदूळ या जोड्यांचाच आहे, तू एकाच वस्तूची दोन नावं ऐकून दोन वस्तू शोधत बसलीस.

मग करायचं काय? वही करून व्याख्या पाठ करायच्या नाहीत, प्लीज. घरात शिकवणारी माणसं असताना तू यूट्यूबवर जातेस हेच मला पटत नाही. सकाळी सासूबाई रियाज करतात तेव्हा भाजी निवडायला तिथे बस. एका आठवड्यात एकच काम, फक्त सम पकडायची, बाकी काही कळलं नाही तरी चालेल. पुढच्या आठवड्यात त्या गायल्या की फक्त विचार, "आई, आत्ता सगळ्यात जास्त कुठल्या सुरावर थांबत होतात?" शिकवणाऱ्या माणसाला असा प्रश्न विचारणारी सून मिळाली तर ती खूषच होते बघ. बैठकीत कौतुक करायचं असेल आणि शब्दाची खात्री नसेल तर शब्द टाळून जागा सांग: "ते तुम्ही वर जाऊन थांबलात ना, ते फार आवडलं." यात कोणाला हसता येत नाही, आणि गाणाऱ्याला तेच ऐकायचं असतं. डिसेंबरात तानसेन समारोह असतो, हजीऱ्याला समाधीपाशी, दिराला घेऊन जा, मागे बस, शाल आणि गजक बरोबर ठेव, आणि कानात विचारत राहा हे काय आणि ते काय. अंधारात विचारायला लाज कमी वाटते, माझा अनुभव आहे.

नणंदेचं ते "मिरजेची ना गं तू" लागलं असेल तुला, पण ते खरं तर टोमणा नाही, तिच्या डोक्यात मिरजेचा दबदबा आहे. एवढे मोठे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. आणि ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात नेली ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी, त्यांच्याकडे विष्णू दिगंबर पलुसकर शिकले ते मिरजेतच. म्हणजे तुझ्या सासरचं गाणं सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी तुझ्या माहेरी जाऊन राहून आलंय, हे हवं तर तिला सांग, नाहीतर मनात ठेव.

राहता राहिला तानपुरा. तंबोरा म्हण नाहीतर तानपुरा म्हण, वस्तू एकच, चार तारा, पहिली पंचमाची म्हणजे प ची, मधल्या दोन जोडीच्या म्हणजे सा च्या, शेवटची खर्जाची म्हणजे खालच्या सा ची. मी बोलताना तंबोरा म्हणते आणि हिंदीत बोलत असले की तानपुरा, कोणी टोकलं तर टोकू दे. पण एक काम कर, सासूबाईंना विचार तो कुठून आणलाय. भोपळा पंढरपूरकडचा आणि कारागीर मिरजेचा, असे तंबोरे देशभर गेलेत, आणि तुझ्या घरात कोपऱ्यात गवसणी घालून उभा आहे तो पण तुझ्याच गावचा निघाला तर मला नक्की कळव.